चौघांनी आवळलेला बोल्ट

गॅरेजात पंचवीस वर्षं काढली की किस्से गोळा करत बसावं लागत नाही. गाडी जोडून झाल्यावर दोन-चार बोल्ट उरतात ना, तसे ते उरतात! कुठल्या गाडीचे ते सांगता येत नाही, पण फेकवतही नाहीत. सुरतेतल्या आमच्या पांडेसऱ्याच्या गॅरेजात उरलेल्या बोल्टांचा एक डबा आहे. आज त्यातल्या एकाच बोल्टाचं सांगतो.

गॅरेजात आम्ही तिघं. अण्णा मालक, धुळ्याकडचे. तापले की थेट अहिराणीत उतरतात. लोखंड कातायच्या लेथ मशीनवर बालाजी, नांदेडचा. आणि मी पारोळ्याचा. मी काम कमी आणि बडबड जास्त करतो असं त्या दोघांचं मत आहे. असू दे.

आमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक म्हणजे देसाईकाका. पक्के सुरती, पण आमच्यात बसून बसून मराठी शिकले. त्यांची गाडी म्हणजे गोल हेडलाइट, पुढे सोफ्यासारखी सलग सीट, गिअरचा दांडा स्टिअरिंगला. वयानं ती माझ्यापेक्षा मोठी, म्हणून मी तिला कधी अरे-तुरे करत नाही.

*

काका ऑइल बदलायला आले. इंजिनाखाली तेलाचा चेंबर असतो, त्याला जुनं तेल सोडायला खालून एक बोल्ट असतो. मी पाना लावला आणि फिरवला. बोल्ट फिरला. परत फिरवला, परत फिरला. जागच्या जागी गरागरा फिरतोय, पण बाहेर यायचं नाव नाही! आतले आटे पार घासून गेलेले, आणि कडेनं तेल झिरपत होतं.

अण्णा आडवे होऊन खाली आले, बघितलं आणि भडकले.

"हाई कोणी करं रे? मागल्या वेळी कोणी आवळला होता?"

मी म्हटलं, "मीच. पण बेतानं!"

"तुझ्यानंतर कोणी हात लावला?" असं विचारता विचारता अण्णाच जरा थांबले. कारण मी आवळलेल्या बोल्टाला शेवटचा पाव आटा अण्णा स्वतः देतात. माझ्यावर विश्वास नाही म्हणून! लेथवरून बालाजीचा आवाज आला, "अन् मी बी निस्ता जरासा ओढलो की." त्याचा अण्णांवर विश्वास नाही.

एवढ्यात काका हळूच म्हणाले, "अने मी दर रविवारी. पूजा झाली ने, के थोडुं टाइट करतो. सेफ्टी माटे!"

दर रविवारी! वर्षभर! सुरक्षेसाठी म्हणे! चार माणसांचं प्रेम एकट्या बोल्टाला कसं झेपणार?

*

आम्ही हसत होतो, पण काका हसेनात. विचारलं तेव्हा सगळं बाहेर आलं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये नव्या टाइल्स बसवल्यात आणि काकांच्या गाडीखाली रोज तेलाचा डाग पडतो. कमिटीनं दोनदा कळवलं. शेवटी काकांचा मुलगा हितेश वैतागला. म्हणाला, "पप्पा, आता बस. दुरुस्त करून आणा, आठ दिवस खाली पांढरं कापड टाकू. एक थेंब जरी दिसला, तर सोमवारी सकाळी भंगारवाला."

"ह्याच गाडीतून त्याला दवाखान्यातून घरी आणला होता," काका म्हणाले. "एवढुस्सा होता. पुढच्या सीटवर, त्याच्या मम्मीच्या मांडीवर."

काकी जाऊन चार वर्षं झाली. काका अजून गाडी चालवताना सीटच्या डाव्या बाजूला काही ठेवत नाहीत. अण्णांचं तर हे पहिलं गिऱ्हाईक! लिंबाखाली एक पेटी घेऊन बसायचे तेव्हा हीच गाडी पहिल्यांदा त्यांच्या पुढ्यात येऊन उभी राहिली होती.

"काका," अण्णा म्हणाले, "थेंब पडला तर मी ह्या धंद्यातून उठलो म्हणून समजा."

*

अण्णा बोलले खरे, पण बोल्ट निघायला तर पाहिजे! त्या दिवशी अण्णांना दुपारी भाचीच्या साखरपुड्याला जायचं होतं. पांढराशुभ्र शर्ट घालून आलेले. मला म्हणाले, "तुले नही जमणार, सरक." बोल्टाच्या डोक्यामागे स्क्रूड्रायव्हर घालून खाली दाबायचं, आणि दाबता दाबता पाना फिरवायचा, असं ते गणित.

गणित बरोबर आलं. बोल्ट निघाला. फक्त तेलाचा टब मी इंजिनाच्या दुसऱ्या बाजूला ठेवला होता.

अण्णा बाहेर आले तेव्हा शर्ट कॉलरपासून शेवटच्या बटनापर्यंत काळा! मी कोपऱ्यात जाऊन उभा राहिलो. काका जवळ गेले, शर्टावरचं तेल दोन बोटांत चोळून बघितलं आणि म्हणाले, "तेल तर हजी सारुं छे, अण्णा. बदलायची घाई केली का आपण?"

साखरपुड्याला अण्णा माझा शर्ट घालून गेले. दोन बटनं लागत नव्हती.

*

मग सल्ले सुरू झाले. पांडेसऱ्यात एखाद्याच्या गाडीचं बॉनेट उघडं दिसलं की शंभर डॉक्टर जमा होतात. चलथाणहून ट्रक घेऊन आलेला एक म्हणाला, "साबण चोळा." दुसरा म्हणाला, "लाकडाची खुंटी ठोका." शेजारच्या डाइंग मिलमधला फिटर तर छाती ठोकून म्हणाला, "बोल्टाला दोरा गुंडाळा! आमच्या मशिनी दोऱ्यावरच चालतात."

दुसऱ्या दिवशी बालाजी गावाला गेला, लेथ बंद. म्हटलं तोवर दोरा गुंडाळू. फिटरनं अख्खा रीळ आणून दिला. बोल्ट घट्ट बसला, तेल भरलं, आम्ही एकमेकांना टाळ्या दिल्या. तासाभरानं टप्... टप्... खाली अण्णांची चप्पल होती.

परत बोल्ट काढला तर दोरा निघतोय, निघतोय, संपतच नाही. अण्णा ओढता ओढता म्हणाले, "एवढ्यात एक ब्लाउजपीस झाला असता रे!"

*

बालाजी आला आणि खरं काम झालं. चेंबर पूर्ण उतरवून धुतला. बालाजीनं भोक एका नंबरानं मोठं करून नवे आटे पाडले आणि लेथवर त्याच मापाचा जाड बोल्ट बनवायला घेतला. काका सकाळपासून दारात उलट्या बादलीवर बसलेले. चहाही घेत नाहीत. लेथचा आवाज थांबला की उठून उभे राहतात, सुरू झाला की बसतात.

शेवटी बालाजी फडक्यात गुंडाळलेला बोल्ट दोन्ही हातांवर घेऊन बाहेर आला. म्हणाला, "काका, बाळ-बाळंतीण दोघंबी सुखरूप हायत!"

काका रडले हो! आणि रडत रडत हसले.

आता आवळायचं कोणी? अण्णांनी फर्मान काढलं, "एकच हात, माझा." तांब्याचा वायसर घातला, बोल्ट बेतानं आवळला, आणि बोल्टावरून चेंबरवर लाल रंगाची एक रेघ ओढली. आमच्या पान्यांना ओळखीसाठी लाल पट्टी असते ना, त्याच डब्यातला रंग.

"काका, ही रेघ मोडलेली दिसली की मी समजेन तुम्ही हात लावला. तुमचा पाना कुठंय? द्या इकडे."

काकांनी डिकीतून पाना काढून दिला, मुलगा शाळेत सोडल्यासारखा चेहरा करून. "पण रविवारी पूजेनंतर मी करू काय? हाताला सवय आहे ने!"

"टाळ्या वाजवा," अण्णा म्हणाले.

*

त्या आठवड्यात आमचा सतरा नंबरचा पाना हरवला. आमच्या भिंतीवर बोर्ड आहे, प्रत्येक पान्याची जागा ठरलेली. सतराची जागा रिकामी! अण्णा माझ्यावर ओरडले, मी बालाजीवर, बालाजी म्हणाला, "मी लेथवाला हाय, मला पाना कशाला?" काका चहाला आले होते, ते बिचारे आमचं भांडण सोडवत बसले.

सोमवारी सकाळी काकांचा फोन आला. "अण्णा, येऊन जा ने. हितेशनं टेम्पोवाल्याला बोलावून ठेवलाय." अण्णा आणि मी निघालो.

पार्किंगमध्ये काकांची गाडी, शेजारी हितेशची नवीकोरी चकचकीत गाडी. गेटवर भंगारवाल्याचा टेम्पो. कमिटीतले दोघं हाताची घडी घालून उभे. हितेशनं वाकून काकांच्या गाडीखालचं कापड ओढलं. मिलमधून आणलेलं अख्खं मीटरभर कोरं कापड. उलट-सुलट बघितलं.

पांढरं! एक ठिपका नाही! अण्णांनी खाली वाकून बघितलं, लाल रेघही जशीच्या तशी. मी शिटी मारणार होतो, अण्णांनी डोळे वटारले.

तेवढ्यात कमिटीतला एक म्हणाला, "पण टाइलवर डाग तर आहे." सगळ्यांनी बघितलं. डाग होता. हितेशच्या गाडीखाली.

हितेशचं तोंड उघडंच राहिलं. "आ तो नवी गाडी छे!"

"थांबा, मी बघतो," म्हणत अण्णा त्याच्या गाडीखाली शिरले. बराच वेळ बाहेर येईनात. आले तेव्हा उजवा हात खिशात होता.

"बोल्टाचे आटे गेलेत," अण्णा म्हणाले. "घेऊन या गॅरेजला. बालाजी करून देईल."

काकांनी गेटकडे बघितलं, एक उसासा टाकला आणि म्हणाले, "पण टेम्पोवाला आलाय बिचारा एवढ्या सकाळी. त्याला रिकाम्या हातानं कशाला पाठवायचा, हितेश?"

गॅरेजवर परत आल्यावर अण्णांनी खिशातून लाल पट्टीचा सतराचा पाना काढला आणि बोर्डावर त्याच्या जागी टांगला.

"सापडला?" बालाजी म्हणाला. "कुठं गेलता?"

"सेफ्टी माटे," अण्णा म्हणाले, आणि तीन चहा सांगितले.