टाकीवरची मागच्या वर्षीची ओळ

कूलरच्या गार वाऱ्यात डोळे मिटायला लागतात. सकाळच आहे अजून, पण रात्रभर गाडीत बसून भुसावळला आलेय आणि कोकिळाआत्याच्या पलंगावर तशीच आडवी झालेय. मुठीत गेरूचा खडा आहे. गच्चीवर जायचं की नाही, ते ठरत नाही.

गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवर आत्याने गेरूने लिहिलेल्या ओळी आहेत. वर्षाला एकच ओळ, सव्वीस मेची. त्या दिवशी सूर्य आमच्या गावाच्या बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या बुडाखाली नाहीशी होते. आत्या मुसळ उभं करायची, बघायची, लिहायची. ‘ऊन कडक. पारा पंचेचाळीस. सावली गेली.’ एका वर्षी नुसतं ‘ढग. सावलीच नाही, तर गेलेली काय दिसणार!’

मागच्या वर्षीची जागा कोरी आहे. त्याच दिवशी संध्याकाळी आत्या गेली. आज पुन्हा सव्वीस मे.

मी भौतिकशास्त्र शिकलेय. त्या दुपारी सूर्य कुठे होता, ते गणित सांगतं. पारा किती होता, ते वेधशाळेच्या नोंदीत सापडलं. ओळ सहज भरता येईल, पण ते कुणी पाहिलेलं नाही. नाही भरली, तर ही सगळी वर्षं नेमकी तिच्याच दिवशी तुटतात.

कूलरचा आवाज लांब जातो.

“काय करू राहिली तू? ऊठ, मुसळ धर.”

आत्या गच्चीवर उभी आहे. नोकरीवर जायची तीच फिकट निळी साडी, पायात चपला नाहीत.

“पाय भाजतील,” मी म्हणते.

“आता काय भाजायचे?” ती हसते. “तुझे सांभाळ.”

फरशी गार लागते. मी खाली बघते. आत्याला सावली नाही. मलाही नाही. टाकीला नाही, दोरीवरच्या चादरीला नाही. आज इथे सगळेच सारखे आहेत.

“वाजले किती?” आत्या विचारते.

“बारा. अजून वेळ आहे.”

“हो गं बापा, माहीत आहे. तूच शिकवलंस ना!”

सुरुवातीची बरीच वर्षं आत्या घड्याळात बाराचा ठोका पडला की मुसळ उभं करायची. पण घड्याळ सगळ्या देशाचं. आपल्याकडे सूर्य डोक्यावर यायला त्यानंतर जवळजवळ अर्धा तास लागतो. म्हणून त्या सगळ्या ओळींत ‘सहा बोटं सावली उरली’ असं आहे. कॉलेजात पहिल्या वर्षाला असताना मी तिला हे सांगितलं, तेव्हा ती पोट धरून हसली होती.

“एक्स्चेंजमध्ये अख्ख्या गावाचे फोन जोडायचे मी,” आत्या आताही तेच म्हणते, “आणि सूर्याला अर्धा तास आधीच रिंग देत बसले.”

टाकीच्या जागी आता टेलिफोन एक्स्चेंजचा उंच बोर्ड आहे. भोकाभोकांतून तारा लोंबतात. आत्या कानाला यंत्र लावून स्टुलावर बसलेली.

“त्या ओळी दुरुस्त करूया, असं मी म्हणाले होते,” मी म्हणते. “तू करू दिल्या नाहीस.”

“दिसली होती ना सहा बोटं? मग ती खरीच. घाई माझी होती, सावलीची काय चूक?”

“मग मागच्या वर्षीचं सांग. ढग होते की ऊन? तुला आता दिसत असेल.”

“आणि मी सांगितलं तर लिहिशील?”

मी विचार करते. “नाही. स्वप्नातली नोंद धरता येत नाही.”

“शाब्बास!” ती एक तार उपटते. “एवढी फी भरली तुझ्या बापाने, वाया नाही गेली.”

बोर्डावरचे दिवे विझतात. हिरवा पडदा, लोखंडी खाट, सलाईनची बाटली. बाटलीलाही सावली नाही. आत्या खाटेवर आहे, पण बसलेली, मांडी घालून, जणू तीच मला भेटायला आलीय.

“त्या दुपारी तू काय पाहिलंस?” ती विचारते.

“काहीच नाही. पडदा ओढलेला होता.”

“नीट आठव, हर्षू. डोळे तर उघडे होते ना?”

“तुझा हात,” मी म्हणते. “तुझा हात धरून बसले होते. तू दोनदा बोट दाबलंस.”

“मग तेच लिही.”

“ती हवामानाची नोंद नाही, आत्या.”

“टाकी माझी आहे,” ती म्हणते. माझ्या मुठीतला खडा घेते, जिभेवर जरासा ओला करते आणि परत देते. “जागा कोरी नाही सोडायची. आणि आज पुन्हा घाई करू नकोस.”

कूलर घरघरतोय. मी आढ्याकडे बघत पडून राहते. मग मूठ उघडते.

खडा ओला आहे. तळहाताला घाम येतो, त्याने तो ओला होऊ शकतो. पण सकाळी डब्यातून काढला तेव्हा तो चहूबाजूंनी ओबडधोबड होता. आता त्याची एक बाजू घासून सपाट झालीय, एखादी ओळ लिहून व्हावी तेवढी.

बारा वाजत आलेत. अजून वेळ आहे. कोपऱ्यातलं मुसळ खांद्यावर घेऊन मी जिना चढायला लागते.