आत्याबाईचं सासर

घरातली पोरं टीव्हीवरच्या एखाद्या बाईसाठी डोळे पुसायला लागली की मोठी माणसं त्यांना हसतात. मी हसत नाही. आमच्या वेळी टीव्ही नावाची वस्तू असते हे आमच्या कर्जत तालुक्यात कुणाच्या गावीही नव्हतं, पण आमची एक आत्याबाई होती. तिच्यापायी आम्ही भांडलोय, रडलोय, कामाची शिट्टी झाली तरी उठलो नाही. ती रेडिओत राहायची.

दर बुधवारी दिवेलागणीला पंचायतीच्या ओट्यावर रेडिओ लागायचा आणि तिची श्रुतिका सुरू व्हायची. भावाच्या घरात राहणारी एक म्हातारी, साऱ्या गावाची आत्या. कुणाची बांधावरून जुंपली, कुणाची सून रुसली, की आत्याबाई तिथं हजर. आधी दोन्हीकडच्यांना झाडायची, मग एका पंगतीत जेवायला बसवायची आणि जेवणं झाल्यावर म्हणायची, हां, आता भांडा. तोवर भांडण विझलेलं असायचं. आवाज असा खणखणीत की ओट्याखाली झोपलेलं कुत्रं उठून बसायचं. आमच्या अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, तिचं भारी कौतुक. एरवी तोंडातून शब्द काढणं जड जाणारा माणूस, पण बुधवारी जेवताना आत्याबाई काय म्हणाली ते आईला रंगवून सांगायचा. आई त्याच ओट्यावर बसून ऐकून आलेली असायची, तरी सांगायचा.

ती भावाकडे का राहते हे रेडिओनं कधी सांगितलं नव्हतं. आम्हीही विचारात घेतलं नव्हतं. बाई म्हातारी, माहेरी राहते, नवऱ्याचा उल्लेख नाही, म्हणजे लहानपणीच तो गेला असणार. हे आपलं आम्हीच ठरवून मोकळे झालो होतो.

बाहत्तरच्या दुष्काळात मी एकोणीस वर्षांची होते आणि माहेरी होते. पंचमीला म्हणून आले ती परत गेलेच नाही. सासर खर्ड्याकडचं. नवरा हात उचलायचा. त्याला कारण लागायचं नाही; कालवणात मीठ जास्त हे कारण, कमी हेही कारण. मी आईला पाठ दाखवली, आईनं अण्णांना सांगितलं. अण्णा ऐकून घ्यायचे आणि उठून बाहेर जायचे. वाईट माणूस नव्हता हो. माझ्यावर जीव होता त्याचा. पण लोकांच्या तोंडाला तो फार भ्यायचा, इतका की मला त्याची चीड यायची. शेवटी सासऱ्याचा निरोप आला की सून धाडा, नाहीतर आम्ही पोराला दुसरी बघतो. अण्णांनी रविवार ठरवला. रविवारच्या एसटीनं मला नेऊन पोचवायचं. मी रडले नाही, भांडले नाही.

त्या साली कुणाच्याच रानात काही नव्हतं, त्यामुळं अण्णा, मी, माझा धाकटा भाऊ धरून सगळं गाव पाझर तलावाच्या कामावर. बागायतदाराची सून आणि बौद्धवाड्यातली बाई एकाच ओळीत उभ्या राहून मातीच्या पाट्या देत-घेत. दुपारी सरकारी सुकडी, म्हणजे गोडसर भाजलेलं पीठ, वाटायचे. ती फक्की मारत बाभळीखाली टेकायचं, बायका एकीकडे आणि पुरुष जरा पलीकडे पाठ फिरवून. हजेरी मांडणारा कारकून कर्जतचा, लाजाळू माणूस. त्या सोमवारी तो झाडाला टेकून एक पुस्तक वाचत होता. मुखपृष्ठावर नऊवारीतली एक तरुण मुलगी होती आणि वर आमच्या आत्याबाईचं नाव. मी ते वाचलं आणि हातातली पाटी तिथंच टाकून त्याच्यापुढं जाऊन उभी राहिले.

रेडिओवरची श्रुतिका लिहिणाऱ्या माणसानंच ती कादंबरी लिहिली होती, आत्याबाईच्या तरुणपणाची. कारकुनाच्या बायकोनं ती वाचनालयातून आणली होती. आत्याबाई तरुण होती! आम्हाला हे कधी सुचलंच नव्हतं. जणू ती म्हातारीच जन्माला आली होती. बायकांनी कारकुनाला वाचून दाखवायला सांगितलं, तर तो कानापर्यंत लाल झाला आणि त्यानं पुस्तक माझ्या हातात दिलं. मी सातवी पास होते.

आमच्यात जिजी म्हणून एक म्हातारी होती. श्रावणात देवळात पोथी लागली की सगळ्यांत पुढं बसणारी. तिला पुस्तक म्हटलं की पोथीच. तिनं चंचीतली कुंकवाची पुडी काढली आणि मुखपृष्ठाला बोट टेकवलं. वाचनालयाचं पुस्तक! कारकुनाचा चेहरा बघण्यासारखा झाला, पण जिजीला बोलायची कुणाची छाती नव्हती.

दोन पानं झाली नाहीत तोच मला थांबवलं. म्हणे आत्याबाई असं मिळमिळीत बोलत नाही. मग मी रेडिओतला ठसका आणून वाचायला लागले, तर बौद्धवाड्यातली अक्का आडवी आली. ती माझ्याहून बरीच मोठी, प्रौढांच्या वर्गात अक्षरं शिकलेली. ती म्हणाली, "सोळा वर्सांच्या पोरीला कुटनं आलाय यवढा ठसका? त्यो मागनं येतो." यावर दिवसभर पाट्या वाहता वाहता वाद. शेवटी असं ठरलं की लग्नापर्यंत साध्या आवाजात वाचायचं, पुढचं पुढं बघू.

काय लिहिलं होतं त्या माणसानं! त्याला मी कधी पाहिलं नाही, पण आजही समोर आला तर पाया पडेन. आत्याबाई भावांबरोबर विहिरीत उड्या टाकायची, सूर मारून तळाची माती मुठीत आणायची, हे वाचलं तेव्हा बायका इतक्या खूश झाल्या की तेवढं पुन्हा वाचून घेतलं. एकजण म्हणाली की मला वाटलंच होतं, तिचा दम बघा की बोलताना. एकीला आत्याबाईच्या आईचा राग आला. एकीचं म्हणणं, लेखकानं मोट पाहिलेली नाही, बैल असे मागं सरतच नाहीत. पाठ फिरवून बसलेल्या पुरुषांचे कान आमच्याकडे लागलेले होते हे आम्हाला कळत होतं. मध्येच तिकडून कुणीतरी म्हणायचं, जरा मोठ्यानं वाच की पोरी. अण्णा त्यांच्यात सगळ्यांत कडेला बसून तंबाखू मळत असायचे.

बुधवारी पुस्तकात आत्याबाईचं लग्न लागलं आणि गुरुवारी घोटाळा झाला. तिचा नवरा मेलाच नाही. चांगला धडधाकट होता आणि तिला मारत होता. जिजी उठलीच. "लेखकाला काय म्हाईत? आमी इतकी वर्सं आयकतोय तिला," म्हणाली आणि आमच्याकडे पाठ करून बसली. आत्याबाई न नांदणारी निघावी हे तिला सोसेना. पण बसली ती ऐकू येईल एवढ्याच अंतरावर.

लेखकानं मारहाण उघड लिहिलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्याला जाताना तिनं घागर उजव्या कमरेवरून काढून डाव्या कमरेवर घेतली, एवढंच लिहिलं होतं. एका बाईनं हातातली सुकडी परत कागदात गुंडाळून ठेवली. पुढं सासूनं तिला दोन दिवस भाकरी दिली नाही असं आलं, तेव्हा कुणीतरी हळूच म्हणालं की म्हणून ती भांडणाऱ्यांना आधी जेवायला बसवती. इतकी वर्षं ज्याला आम्ही हसत होतो ते हे होतं. त्या क्षणी आत्याबाई मला माझ्या आईहून जवळची वाटली, हे मी कुणाला बोलले नाही, आज लिहितेय.

मी वाचत होते आणि माझे कान तापत होते. गावात माझं सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी माझ्याकडे बघत नव्हतं, आणि ते बघण्यापेक्षा जास्त लागत होतं.

शनिवारी तो अध्याय आला. आत्याबाई पळून माहेरी येते आणि तिचा बाप तिला परत नेऊन घालतो. बैलगाडीत बाप पाठमोरा बसून बैल हाकतो. तिच्या सासरच्या दारात बाप तिला उतरवतो, सासू पाण्याचा तांब्या पुढं करते, तो पाणी न पिताच गाडी वळवतो. अध्याय तिथंच संपत होता. दुसऱ्या दिवशी माझीही तीच वाट होती. शेवटची ओळ माझ्या तोंडून निघाली की नाही मला आठवत नाही. तेवढ्यात मुकादमाची शिट्टी झाली आणि बायका पदर झटकत उठायला लागल्या.

जिजीनं हात आडवा केला. "हितं थांबायचं न्हाई. पोथी दुखावर ठिवत न्हाईत. घराला लागतं."

मुकादम तणतणत आला. जिजीनं त्यालाही तेच सांगितलं, की देवळात कधी वनवासावर पोथी बांधलेली बघितलीस का. त्यानं इकडंतिकडं बघितलं, शिट्टी खिशात घातली आणि तिथंच उकिडवा बसला. पण मला वाचवेना. अक्षरं दिसेनात. मग अक्कानं पुस्तक माझ्या मांडीवरून उचललं. बौद्धवाड्यातल्या बाईच्या हातात पोथी, हे जिजीच्या मनात येऊन गेलेलं तिच्या तोंडावर दिसलं. पण थांबायचं नाही हे तिचंच म्हणणं होतं. ती म्हणाली, वाच बाई.

अक्का ओळीखाली बोट धरून सावकाश वाचायची. त्या दिवशी ते बरंच झालं. एकेक शब्द सगळ्यांच्या अंगावर पडत गेला. आत्याबाई भर दुपारी सासरचा उंबरा ओलांडून निघते. डोक्यावर गाठोडं. ओढा उतरते, माळ चढते. बाप मोटेवर असतो. तो तिला लांबून बघतो, बैल थांबवतो, बांधावरून चालत येतो आणि तिच्या डोक्यावरचं गाठोडं काढून आपल्या डोक्यावर घेतो. दोघं गावातून घराकडे चालायला लागतात, लोक दारात येऊन बघतात आणि बाप मान खाली घालत नाही. इथं अक्का थांबली. जिजी म्हणाली, आता ठेव.

कुणी उठेना. जिजीनं गुरुवारी टाकलेल्या त्या आत्याबाईला हात जोडले. कारकून नाक शिंकरत होता. पुरुषांच्या बाजूनं कुणीतरी म्हणालं, "बाप असावा तर असा." दुसऱ्यानं व्हय म्हटलं, मग तिसऱ्यानं. माझ्या लग्नात अक्षता टाकलेली, मी माहेरी राहिले म्हणून नाकं मुरडलेली हीच सगळी माणसं. मी अण्णांकडे बघितलं. तळहातावर मळलेली तंबाखू तशीच होती आणि ते त्या माणसांच्या तोंडाकडे एकेक करून बघत होते. मग त्यांनी हात झटकला आणि कुदळ घेऊन सगळ्यांच्या आधी खड्ड्यात उतरले.

रविवारी पहाटे मी लुगडं नेसून, गाठोडं बांधून दारात उभी राहिले. काय करणार? अण्णांनी धुतलेलं धोतर नेसलं, टोपी घातली, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं की तू कुठं निघालीस. त्यांनी पायात वहाणा सरकवल्या आणि एकटेच एसटीला गेले.

तो दिवस मी कसा काढला ते माझं मला माहीत. आईनं चूलसुद्धा पेटवली नाही. ऊन कलल्यावर पोरं ओरडत पुढं आली आणि त्यांच्या मागून अण्णा आले. मागच्या पायवाटेनं आले असते तर कुणाला कळलंही नसतं. ते भर गावातून, पंचायतीच्या ओट्यापुढून आले, आणि त्यांच्या डोक्यावर माझी लग्नात दिलेली, सासरी राहिलेली पत्र्याची पेटी होती. जिजी तिच्या दारात उभी होती. ती नुसती बाजूला सरली आणि पदर सावरला, मोठ्या माणसाला वाट देतात तशी.

अण्णांनी पेटी आमच्या घराच्या ओट्यावर उतरवली, मान चोळली, तांब्याभर पाणी प्यायले. मी पेटीला हात लावून बसले होते आणि मला हुंदका आवरत नव्हता. आई दारामागून दबक्या आवाजात म्हणाली की झालं ते झालं, पण उद्या लोकांनी विचारलं, लेक घरी का ठेवली, तर सांगू काय.

अण्णांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "सांग, आमच्या नातवंडांना घरात आत्या नको का?"

माझ्या भावाचं तेव्हा लग्नसुद्धा झालेलं नव्हतं.