एका क्लिकमध्ये गेलेल्या लग्नपत्रिका

कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्या मित्रांनो, आज माझ्या हातून जे झालं ते लिहायलाही लाज वाटते.

प्रिंटर, मराठी फॉन्ट, टायपिंग, सगळ्यांच्या सेटअप फाइली मी स्क्रिप्ट लिहून एकाच फाइलीत बांधल्यात. एक क्लिक केलं की सगळं आपोआप बसतं. सकाळी ती फाइल घेऊन मस्तगडला वंदनाताईंच्या दुकानात गेलो. त्या लग्नपत्रिका बनवतात.

"आधी माझं काम दुसरीकडं कॉपी करून ठेवू का?" त्यांनी विचारलं.

"काही गरज न्हाई, ताई."

माझी स्क्रिप्ट या फाइली डी ड्राइव्हवरच्या 'सेटअप' नावाच्या फोल्डरात उघडते आणि सगळं बसवून झालं की ते अख्खं फोल्डर पुसून टाकते. ताईंच्या पत्रिका त्याच नावाच्या फोल्डरात होत्या. सगळ्या गेल्या, परत आणता आल्या नाहीत.

मला कारण लगेच कळलं. तरी तोंडातून निघालं, "तुमच्या पेनड्राइव्हमध्ये व्हायरस असल."

तेवढ्यात धावड्याहून नवरीचे वडील पत्रिका न्यायला आले. ताईंनी त्यांच्यासमोर हात जोडले. "माझीच चूक झाली, भाऊ. संध्याकाळपर्यंत देते."

मी बॅग उचलून गाडीपर्यंत गेलो, पण किक मारवेना. परत येऊन दोघांसमोर खरं सांगितलं.

ताई म्हणाल्या, "फाइली गेल्या ते ठीक है. पण मी हात जोडून राह्यले, अन् तू गुमान बघून राह्यला?"

दुपारभर त्या सांगत गेल्या, मी टाइप करत गेलो. धावड्याची पत्रिका वेळेत गेली. बाकीच्या करायला उद्या जायचंय.

कोणत्या तोंडानं जाऊ, सांगा.