बहिणीच्या मापाचा कोट

शिवणाचं मशीन बंद झालं की ताई वाचनालयाच्या वरच्या खोलीत जायची. तिथे एक निवृत्त प्राध्यापक प्राचीन ग्रीकांचं नीतिशास्त्र शिकवत. चांगलं जगणं म्हणजे काय, आत्म्यात विवेक, अभिमान आणि वासना कशा एकत्र नांदतात, असलं काही. वर्गाची एक रीत होती. पुढच्या खुर्चीत एकाला बसवून सर प्रश्नामागून प्रश्न विचारत, त्याने थोडक्यात उत्तरं द्यायची. वार्षिक सभेत पाहुण्यांसमोर त्या खुर्चीत दरवर्षी ताईच बसायची.

यंदा सरांनी धाकटीला बसायला सांगितलं.

धाकटी बहीण घरात कंटाळते म्हणून ताईनेच तिला वर्गात नेलं होतं. ताईची उत्तरं पाठ असत. धाकटी अडखळायची, मध्येच ‘हे काही पटत नाही’ म्हणायची, आणि सरांचा चेहरा खुलायचा. सरांनी तिला निवडल्यापासून ताईला ते सलत होतं. तरी धाकटीने सभेसाठी कोट शिवून मागितला तेव्हा ती तोंडभरून ‘देते की’ म्हणाली.

सभेच्या दुपारी धाकटीने कोट चढवला. खांदे खाली ओघळले, बाह्यांत बोटं बुडाली.

“ताई, हा तुझ्या मापाचा झालाय.”

ताईने बाही ओढून पाहिली. मापं धाकटीची घेतली होती, पण कापड कापताना डोळ्यांसमोर ती खुर्ची होती, आणि खुर्चीत ती स्वतः. मत्सर म्हणजे दुसऱ्याच्या भल्याचं दुःख, ही व्याख्या तिने झोपेतही म्हटली असती.

“तूच घाल, तूच बस,” धाकटी म्हणाली. “मला तशीही धडकी भरलीय.”

‘बरं’ अगदी जिभेवर आलं होतं. ताईने ते गिळलं. विवेकाने थांबवलं की लोक काय म्हणतील या अभिमानाने, हे तिला ठरवता आलं नाही.

“सरळ उभी राहा,” टाचण्या ओठांत धरून ती म्हणाली, आणि खांदे उसवायला घेतले.

संध्याकाळी कोट धाकटीच्या अंगावर असा बसला की पाहुण्यांची नजर हलेना. सरांनी विचारलं, भला माणूस कुणावर जळतो का?

धाकटी म्हणाली, “जळतो, सर. घरी बघितलंय.”

सभा हसली. ताईही हसली, आणि इतकं साधं उत्तर आपल्याला का सुचलं नाही म्हणून पुन्हा जळली.