बोरीच्या काकूंनी धुतलेला टेडी

कुणाकडूनही जुनी वस्तू घेताना बोरीच्या काकू ती फाटलीय की विटलीय ते बघत नसत. त्या आधी एकच विचारत, "लेकरू कुठंय?" मग त्या घरातलं लेकरू समोर आणून उभं करावं लागे. काकू त्याचे दंड दाबून बघत, अंगणात एकदा पळायला लावत आणि मगच त्याचं झबलं किंवा टोपरं पिशवीत टाकत. पोलीस भरतीतसुद्धा एवढी तपासणी होत नसेल.

आमच्याकडे जन्मलेल्या बाळाच्या अंगावर पहिल्यांदा नवं घालत नाहीत. धडधाकट लेकराचं वापरलेलं मागून आणतात, म्हणजे त्याचं आयुष्य याला लागतं म्हणे. सेलूत आम्ही राहायचो त्या भाड्याच्या खोल्यांच्या ओळीत हे मागून आणायचं काम काकूंचं. मुलाच्या नोकरीपायी त्या बोरीहून आलेल्या, म्हणून बोरीच्या काकू. माझी दोन बाळं आठवडाभरही जगली नव्हती. तिसऱ्या खेपेला सातवा लागला तेव्हा मी, डी.एड. झालेली, असल्या गोष्टींना हसणारी बाई, गुपचूप त्यांच्या दारात जाऊन बसले.

काकूंनी झबली आणलीच, वर रुळांपलीकडच्या एका बाईंकडून तपकिरी टेडीही आणला. "लेकरू याला बिलगून झोपंल बघ," म्हणाल्या. त्या बाईंचा मुलगा मामाच्या गावी गेला होता, म्हणून तपासणी तेवढी राहिली. "लय मायेनं बोलली गं. म्हणून म्या जास्ती इचारलं न्हाई."

टेडी धुवायला मी बादलीत पावडर टाकली, तर काकूंनी हातातून बादलीच ओढून घेतली. "सतरंजी हाय का ती?" कोमट पाण्यात शाम्पूची पुडी सोडून त्यांनी तो बुडवला आणि लेकराला न्हाऊ घालावं तसा तळहातानं हळूहळू दाबत राहिल्या. काळं पाणी मोरीत ओतायचं, पुन्हा नवं घ्यायचं. "पिळायचं न्हाई, आतल्या कापसाचे गोळे होतेत. पंच्यात गुंडाळून दाबायचं." डोळ्यांचे प्लास्टिकचे मणी बाळ गिळेल म्हणून कापून टाकले आणि काळ्या दोऱ्यानं डोळे भरले. मग बाजेवर उन्हात ठेवून दिवसभर त्याची कूस बदलत बसल्या. मला तो टेडी फार आवडला होता.

दोनच दिवसांनी काकू आल्या त्या उंबऱ्यातच बसल्या. रुळांपलीकडे पोळ्या करणारी एक बाई त्यांना भेटली होती. तिच्याकडून कळलं, टेडी देणाऱ्या बाईंचा मुलगा मामाकडे नव्हता. गेल्या साली तापानं गेला होता. "तुला सांगायलाच पायजे," काकू म्हणाल्या. मला तो टेडी घरात क्षणभरही नको झाला. हात लावायचीही भीती वाटू लागली. "घेऊन जा, काकू, आत्ताच्या आत्ता," मी ओरडले. काकू तो काखेत मारून तरातरा निघाल्या, टेडी देणाऱ्या बाईंशी भांडायलाच.

परतल्या त्या दिवेलागणीला, हात हलवत.

"भांडायला गेलते गं," त्या म्हणाल्या. "तिनं हातातून घेतला अन् नाकाला लावला. म्हणली, वास गेला. सासूनं पोराचं समदं घराबाहेर काढायला लावलं, म्हणून दिलता तिनं. त्या लेकराचं तेवढंच राह्यलं व्हतं, अन् म्या ते मोरीत ओतलं." आयुष्यभर आपल्या धुण्याची फुशारकी मिरवणाऱ्या काकू त्या दिवशी आपल्या हातांकडे नुसत्या बघत बसल्या.

मला मुलगी झाली. आठवडा उलटला, ती जगली. बारशाला काकू त्या टेडीवाल्या बाईंना हाताला धरून घेऊन आल्या. बायका एकमेकींच्या कानाला लागल्या. पोटचं लेकरू गेलेल्या बाईला पाळण्याजवळ कुणी येऊ देत नाही, आणि हा नियम सगळ्यात कडक पाळणाऱ्या काकूच होत्या. त्यांनी बाळ उचललं आणि सगळ्यांच्या आधी त्या बाईंच्या मांडीवर दिलं. धावत जाऊन लेक हिसकावून घ्यावी असं वाटलं. काकूंनी माझं मनगट घट्ट धरलं. "मलाबी भेव वाटायलंय," त्या पुटपुटल्या, "पण घेऊ दे." त्या बाई मात्र बाळाचं टोपरं सारखं करत होत्या आणि कितीतरी दिवसांनी हसत असाव्यात असं हसत होत्या.

त्यानंतर ओळीतल्या बायका झबली मागायला काकूंकडे येईनाशा झाल्या.

पंधरवड्यात माझ्या मुलीला ताप चढला. "सांगितलं नव्हतं का?" असं बायका तोंडावर म्हणून गेल्या. मला तर काही सुधरतच नव्हतं. दवाखान्यातून आणल्यावर काकूंनी तिला मांडीवर घेतलं ते दुपार कलली तरी खाली ठेवलं नाही. पाण्याचा घोटही घेतला नाही. संध्याकाळी बाळाला दरदरून घाम फुटला, ताप उतरला, ती दूध प्यायली. तेव्हा काकू पदरात तोंड खुपसून रडल्या, आणि डोळे पुसत मला म्हणाल्या,

"त्या बाईला सांगू नको हां, लेकराला ताप आलता म्हणून."

काकू आता नाहीत. त्या बाई अजून माझ्या मुलीला भेटायला येतात. मी सांगितलेलं नाही.