चार दिवसांचा हेरपट, उंब्रज ते पाटण

आमच्या टेलिफिल्मचे किस्से मी सांगू नयेत, असं मला नेहमी वाटतं. आठवण चुकत असेल, नकळत वाढवूनही सांगत असेन. पण त्या वेळचं कुणी भेटलं की एकातून दुसरा निघतो, आणि मी बोलून जातो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. शिरीष हा सांगलीतला माझा जुना विद्यार्थी. त्याने टीव्हीसाठी हेरपट करायला घेतला आणि पटकथा माझ्याकडून लिहून घेतली. मी भाषाशास्त्राचा डॉक्टर. हेर कधी पाहिलेला नाही. सोमवारी सगळ्या टेप पुण्याला एडिटिंगला पोचल्या नाहीत, तर टीव्हीवरची आमची वेळ दुसऱ्याला जाणार होती. हातात चार दिवस.

"माझ्या पटकथेमुळे अडलं तर?" मी विचारलं.

"सर, शंका मंगळवारी काढा."

*

पहिला दिवस उंब्रजला. हेर कुणाच्या नजरेत न येता बाजारातून जातो, असं मी लिहिलं होतं. आमचा हेर मोहन, पुण्याचा. दहा पावलं गेला नाही तोच हाक आली, "पावणं, कुणाच्यात आलाय?"

दुसऱ्या टेकला तेच. तिसऱ्याला एका म्हाताऱ्याने त्याला हाताला धरून चहाला बसवलं.

"चुकलंच माझं," मी म्हणालो.

"चूक असू दे. कॅमेरा चालू आहे," शिरीष म्हणाला. हेराने चहा पीत पीतच पाळत ठेवली.

*

दुसऱ्या दिवशी पलूसला पाठलाग. पुढे खलनायकाची जीप, मागे मोटरसायकलवर मोहन. पण जीप चालवणारे बबनराव देवळापाशी आले की वेग कमी करून नमस्कार करायचे, आणि मोहन त्यांना गाठायचा.

"बबनराव, तुम्ही पळताय ना?" मी विचारलं.

"पळतोय की. पर आवं सर, देवाम्होरनं तसंच कसं जायाचं?"

शिरीषने मोहनलाही नमस्कार करायला लावला. अंतर कायम राहिलं.

*

तिसऱ्या दिवशी आमचा खलनायक मेव्हणीच्या लग्नाला साताऱ्याला निघून गेला. शिरीष माझ्याकडे वळला.

"सर, संवाद तुम्हाला पाठ आहेत."

"मला भीती वाटते रे."

"वाटू दे. शेवटी तुम्ही हरणारच आहात."

*

शेवटचा दिवस, पाटण. तिथल्या अनसूयाकाकूंनी शूटिंगला घराची पडवी दिली होती. मोहनला सकाळीच खांबाला बांधलं आणि वीज गेली. वाट बघता बघता उन्हं कलली. टेप एकाच टेकपुरती उरलेली. शिरीष म्हणाला, "आता वीज नको. हाच उजेड, हाच टेक. काही झालं तरी थांबायचं नाही."

मी पिस्तूल रोखलं. "आता तुला कुणी वाचवणार नाही," मी म्हणालो.

तेवढ्यात काकू स्वयंपाकघरातून तांब्या घेऊन थेट आमच्या मध्ये आल्या.

"आवं सर, सकाळपास्नं बांधून घातलाय त्याला. आधी पाणी पाजा. मग काय मारायचं ते मारा."

मी शिरीषकडे पाहिलं. त्याने 'कट' म्हटलं नाही.

मी पिस्तूल खाली ठेवलं आणि तांब्या मोहनच्या तोंडाला लावला.

टेप सोमवारी पोचल्या. टीव्हीवर तो प्रसंग तसाच लागला.