सड्यावरचं पाकट

माझा नवरा प्रज्ञेश पंचायत समितीत कारकून आहे. बावीस वर्षं जावक नोंदवतोय आणि अजून त्याचं अक्षर बिघडलेलं नाही, यावरून काय तो माणूस ओळखा. पत्त्यांचा नाद नाही, पिण्याचा नाही. बहिणी म्हणायच्या, तेजल, नशीब काढलंस गो. मग त्याने कोणाकडून तरी जुना कॅमेरा घेतला आणि तेव्हापासून आमच्या घरी रात्रीचं जेवण साडेसहाला व्हायला लागलं.

त्याचा नाद रात्रीच्या फोटोंचा. काळोखात कॅमेरा ट्रायपॉडवर लावायचा, शटर अर्धं मिनिट उघडं ठेवायचं आणि तेवढ्या वेळात हातातल्या टॉर्चने हवं तेवढंच उजळायचं. जिथे उजेड फिरेल तेवढंच फोटोत येतं. टॉर्च घेऊन फिरणारी मी. काळे कपडे घालायचे आणि एका जागी थांबायचं नाही, म्हणजे मी फोटोत उमटत नाही. फुकट राबायचं आणि वर दिसायचंही नाही, आता बोला.

आधी आमची विहीर झाली, मग किनाऱ्यावर ओढून ठेवलेली होडी. मग पावसच्या वाटेवरच्या रावजीकाकांनी त्याला सांगितलं, आमच्या सड्यावर कातळात एक पाखरू कोरलंय, बघ जमतंय काय. काका मुंबईच्या कंपनीतून निवृत्त होऊन गावी आलेले. दिवसा गेलो तर सडा म्हणजे नुसता उघडा माळ, काळा कातळ, शेवाळ आणि फटीतलं गवत. मला तर काहीच दिसलं नाही.

रात्री प्रज्ञेशने मला टॉर्च अगदी जमिनीलगत धरून कडेकडेने चालायला लावलं. उजेड आडवा पडला तशी चरांत सावली भरली आणि दहा फुटांचं जनावर समोर आलं. दोन्हीकडे रुंद पसरलेलं अंग, मागे लांब शेपटी. काका खाली वाकून बघत राहिले. म्हणाले, "पाखरू कसला रे? ह्या पाकट हाय." त्यांच्या आजोबांपासून सगळे त्याला पाखरू म्हणत आले होते. जन्मभर पाकटासारखे मासे खाल्लेल्या माणसाला ते त्या रात्री कळलं आणि ते कितीतरी वेळ एकटेच हसत होते.

तो फोटो मनासारखा यायला चार वर्षं लागली. कधी चांदणं आडवं येई, कधी दव काचेवर बसे, कधी माझा पाय अडखळून उजेड हलत असे. मी चिडायचे, घरी चल म्हणायचे. तो म्हणायचा, "अशी कितीतरी चित्रं चिरेखाणीत गेली, तेजल. हे एक राहू दे. लोकांनी पाहिलं तर राहील." गेल्या मार्चमध्ये फोटो जमला. कॅमेऱ्याच्या एवढ्याशा पडद्यावर बघून तो रडला. लग्नानंतर मी त्याला पहिल्यांदा रडताना बघितलं.

फोटो त्याने मोबाइलवर टाकला. खाली वाडीचं नाव लिहिलं आणि "जागामालक रावजीकाका यांचे आभार" असंही लिहिलं. कारकुनाच्या हातून नाव-गाव घातल्याशिवाय कागद पुढे सरकत नाही ना.

मग फोटो बघून लोकांच्या गाड्या सड्यावर यायला लागल्या. काकांनी पहिल्या आठवड्यात सगळ्यांना कोकम सरबत दिलं. त्यातल्याच कोणीतरी त्यांना सांगितलं, आता ही जागा सरकार ताब्यात घेणार. काका त्याच संध्याकाळी आमच्याकडे आले. सातबाऱ्याचा उतारा पिशवीत घालून आणला होता.

"प्रज्ञेश, खरा सांग. माजी जमीन जानार काय?"

मी चहा ठेवता ठेवता ह्याच्या पायावर पाय दिला. नाही हो काका, एवढंच म्हणायचं होतं.

"जाणार असं नाही," हा म्हणाला. "पण संरक्षित झाली तर तिथे खड्डा मारता येणार नाही, झाड लावता येणार नाही. झाली तर चांगलंच आहे, काका. चित्र वाचेल."

"नातवासाटी कलमा लावायची हायत तितं."

काका चहा संपवून उठले, उतारा घडी करून पिशवीत ठेवला आणि गेले. त्यानंतर मी ह्याला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. एकदा खोटं बोलला असतास तर आभाळ कोसळलं असतं का, एवढं मात्र दहादा विचारलं.

बाराव्या दिवशी सड्यावर कातळ फोडायचा ब्रेकर लागला. आम्ही पोचलो तेव्हा आंब्याच्या कलमांसाठी खड्ड्यांच्या ओळी मारून झाल्या होत्या. काकांनी मुद्दाम काही केलं असं वाटू नये इतक्या सरळ ओळी. त्यातले तीन खड्डे पाकटावर आले होते. शेपटीचा हातभर तुकडा तेवढा उरला होता.

काका आमच्याकडे न बघता म्हणाले, "फोटो हाय ना तुज्याकडं? मंग गेला कुटं ता?" त्यांच्या बोलण्यात खोट नव्हती, ते खरंच ह्याची समजूत घालत होते. त्यांनी शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं. निदान मला भांडता आलं असतं. प्रज्ञेश त्यांना "बरोबर आहे, काका" म्हणाला आणि गाडीकडे चालायला लागला.

परवा बुरोंडीकडच्या एका शिक्षिकेचा फोन आला, वेदिका म्हणून कोणी. आवाजावरून पोरगीच. तिने तो फोटो पाहिला होता. त्यांच्या सड्यावर हात वर केलेली माणसं कोरलेली आहेत, एका ओळीत सात, दिवसा नीट दिसत नाहीत, सर तुम्ही याल का? सांगताना तिला दम लागत होता. प्रज्ञेशने सगळं ऐकून घेतलं.

"जागेच्या मालकाला सांगितलंत?"

"नाही अजून."

"मग सांगू नका. कोणालाच सांगू नका. वर माती ओढा आणि गवत येऊ द्या."

"पण सर, मग ती कोणाला दिसणारच नाहीत."

"हो," प्रज्ञेश म्हणाला.

फोन ठेवल्यावर त्याने तिचा नंबर ब्लॉक केला. मी विचारलं, हे कशाला? म्हणाला, तिने पुन्हा बोलावलं तर मी जाईन.